शब्दवेध : प्यादे
मराठी आणि उर्दू जिथे एकाच ओट्यावर बसून बोलतात त्या भिवंडीत ‘प्यादे’ हा शब्द कोणालाच परका वाटत नाही. फारसी ‘पियादा’ म्हणजे पायी चालणारा शिपाई, आणि संस्कृत ‘पदाति’ त्याचा सगोत्र, कारण दोहोंच्या मुळाशी पायच आहे. बुद्धिबळाच्या अनेक देशी रिवाजांत हे प्यादे आरंभी एकच घर सरके. म्हणूनच, १९८० साली स्कारा येथे बुद्धिबळपटू टोनी माइल्सने जगज्जेत्या कार्पोवच्या पहिल्याच चालीस वजिराच्या हत्तीपुढचे प्यादे एकच घर सरकवून उत्तर दिले आणि डावही जिंकला, तेव्हा जाणकारांस विक्षिप्त वाटलेली ती चाल मला आपल्या जुन्या पायदळाच्या सावध पावलाची सख्खी वाटते. अर्थात, लगेच पुढच्या चालीला त्याने शेजारच्या घोड्यापुढचे प्यादे बेधडक दोन घरे लोटले होते.