पुन्हा पाण्यात जाण्याचा परवाना

ग्रीसच्या कालिम्नोस बेटावर 'मिखानिकोस' नावाचा नाच आहे. रांगेत पुढे असलेल्या नर्तकाच्या हातात काठी असते. इतरांच्या ठेक्यात पाय टाकायला तो जातो आणि त्याचे गुडघे थरथरू लागतात. हा नाच समुद्रातून स्पंज काढणाऱ्या पाणबुड्यांचा. पूर्वी ते जड दगड धरून एका श्वासात तळ गाठत. 1860 च्या दशकात शिरस्त्राणाचा पोशाख आला, पंपाने हवा मिळू लागली, माणूस अधिक खोल, अधिक वेळ राहू लागला आणि वर आल्यावर पांगळा होऊ लागला. एकदा फटका बसलेल्याने पुन्हा उतरावे की नाही, हे डॉक्टर ठरवत नसे. मोसमाआधी घेतलेली उचल ठरवत असे. तेव्हा पाण्यात परतण्याला शौर्य म्हणण्यात अर्थ नाही. आजारातून उठलेल्यासाठी समुद्र खऱ्या अर्थाने खुला झाला तो पुढे, शरीरात बुडबुडा कुठून कुठे जातो हे कळल्यावर.

दाबाखाली रक्तात विरघळलेला नायट्रोजन दाब झपाट्याने उतरला की बुडबुड्यांच्या रूपाने सुटतो, हे पॉल बेर या फ्रेंच शास्त्रज्ञाने 1878 मध्ये मांडले. पुढे ब्रिटनमध्ये जॉन हॉल्डेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शेळ्यांना दाबाच्या कोठीत ठेवले. बाहेर काढल्यावर शेळीने पुढचा पाय उचलून धरला, की तिचा सांधा दुखतो आहे हे ओळखायचे. त्या प्रयोगांतून 1908 मध्ये टप्प्याटप्प्याने वर येण्याची कोष्टके निघाली. मात्र कोष्टकाला सगळी शरीरे सारखीच. ते तंतोतंत पाळूनही काहींना फटका बसे, आणि दोष बहुधा पाणबुड्याच्याच माथी येई. 1989 मध्ये पीटर विल्म्सहर्स्ट या ब्रिटिश हृदयरोगतज्ज्ञाने सहकाऱ्यांसह दाखवले की, यातल्या काहींच्या हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांमधले, गर्भावस्थेतले छिद्र बुजलेलेच नसते. साधारण चारांतल्या एका प्रौढात ते असते. एरवी फुफ्फुसात अडकून विरणारे बुडबुडे त्या वाटेने थेट धमन्यांत जातात. छिद्र शोधण्याची तपासणीही मजेशीर आहे: सलाइनमध्ये थोडी हवा घुसळून ते शिरेत सोडायचे आणि सोनोग्राफीच्या पडद्यावर हृदयाच्या डाव्या बाजूला ठिपके उमटतात का ते पाहायचे. बुडबुड्याची वाट बुडबुड्यानेच दाखवायची!

कोणी उतरावे हे प्रत्येकाचे शरीर तपासून ठरवावे, यावर आक्षेप असा की, पाण्याखाली कोणी एकटा नसतो. एकाला भोवळ आली तर जोडीदाराचाही जीव धोक्यात येतो, मग सरसकट बंदीच बरी. आक्षेप हलका नाही. इन्सुलिन घेणाऱ्या मधुमेहींवर ब्रिटनच्या हौशी पाणबुड्यांत अशीच बंदी होती. 1991 पासून साखर आटोक्यात असलेल्या, गुंतागुंत नसलेल्यांना अटींवर परवानगी मिळाली आणि पुढची दहा वर्षे त्यांच्या बुड्यांच्या नोंदी गोळा केल्या गेल्या. स्वतःहून नोंदी पाठवणारा मुळातच काळजी घेणारा असणार, हे खरे. म्हणून त्या नोंदींवरून सगळ्या मधुमेहींविषयी बोलता येत नाही. पण परवानगीही सगळ्यांना नव्हतीच. शिवाय बंदीने लबाडीची सवय लागते. अर्ज फेटाळला जाणार हे माहीत असले की माणूस आजार लपवतो, आणि जोडीदाराला सर्वांत मोठा धोका असतो तो त्याला न सांगितलेल्या आजाराचा. आजार मान्य झाला तर खिशातली ग्लुकोजची ट्यूब कुठे आहे, हे तरी जोडीदाराला ठाऊक असते.

तरीही हे ज्ञान प्रत्येक वेळी रुग्णाच्या बाजूने बोलत नाही. हृदयातले छिद्र पायाच्या शिरेतून नेलेल्या छत्रीसारख्या साधनाने बंद करता येते. मग काही महिन्यांनी तीच बुडबुड्यांची तपासणी पुन्हा होते, आणि डावी बाजू स्वच्छ दिसली तर परतण्याचा विचार करता येतो. मज्जारज्जूला फटका बसून पायात कायमचा अधूपणा राहिलेल्याला मात्र बहुतेक डॉक्टर आजही नकारच देतात. मिखानिकोसमधल्या त्या काठीवाल्याला आजचा डॉक्टर काठावरूनच परत पाठवेल.