कुरुंदवाडची वाटणी

समाईक जमिनीचा वाद मिटविण्याचा जुना उपाय म्हणजे वाटणी. परंतु वाटणीनें काय मिळतें आणि काय जातें, याचा हिशेब कृष्णा-पंचगंगेच्या परिसरांतील कुरुंदवाडच्या इतिहासांत चांगला सांपडतो.

हरभट पटवर्धनांचे पुत्र त्रिंबक हरी हे या घराण्याचे मूळ पुरुष. पेशव्यांची लष्करी चाकरी करावी व तिच्या खर्चासाठीं सरंजाम घ्यावा, ही त्या काळची रीत. फौजेच्या दृष्टीनें सरंजाम अखंड राहणें बरें. परंतु घरांतील प्रत्येक शाखेला आपला वांटा स्वतंत्र हवा होता. 1811 सालीं कुरुंदवाड आणि शेडबाळ असे दोन भाग झाले. 1854 सालीं कुरुंदवाडची पुन्हां वाटणी होऊन थोरली पाती व धाकटी पाती अशीं दोन संस्थानें झालीं. विसाव्या शतकाच्या आरंभीं थोरल्या पातीचें क्षेत्र सुमारें 185 चौरस मैल, तर धाकटीचें सुमारें 114 होतें. तोही मुलूख सलग नव्हता. तो इतर संस्थानें व इंग्रजी जिल्हे यांच्यामध्यें विखुरलेला होता.

वाटणीची किंमत 1857 सालीं दिसली. शेडबाळच्या शाखेंत पुरुष वारस उरला नाहीं आणि तो हिस्सा इंग्रजांनीं खालसा केला. अविभक्त कुटुंबांत निपुत्रिक भावाचा हिस्सा मिताक्षरेप्रमाणें उरलेल्या भावांकडे जात असे. सरंजामाला खाजगी मिळकतीचे नियम जसेच्या तसे लागत नसत, हें खरें. तथापि वेगळ्या झालेल्या शाखेला आपल्या एकट्या वंशाच्या आधारावर उभें राहावें लागलें, हें श्रोत्यांच्या ध्यानांत येईल.

शेतकऱ्याच्या वाटणीलाही अशीच किंमत आहे. सारा भरणाऱ्या जमिनीच्या दाव्यांत कोर्ट प्रथम हिस्से ठरवितें. प्रत्यक्ष तुकडे पाडून ताबा देण्याचें काम 1908 च्या दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 54 अन्वयें कलेक्टरकडे जातें. हुकूमनाम्यांत चार आणे हिस्सा लिहिणें सोपें. विहीर कोणाच्या वांट्याला, बांध कोठून आणि मागल्या तुकड्याला वाट कोणती, हें मोजणीच्या वेळीं ठरतें, आणि खरें भांडण तेथेंच पेटतें. मिळकत सोयीनें वाटतां येत नसेल, तर 1893 च्या वाटणीच्या कायद्याप्रमाणें निम्म्या किंवा अधिक हिश्शाच्या मालकांच्या मागणीवरून ती विकून पैसा वाटण्याचा हुकूम कोर्ट देऊं शकतें. लहान तुकड्यांवर शेती चालत नाहीं, हें ओळखून मुंबई सरकारनें 1947 सालीं तुकडेबंदीचा कायदाही केला.

म्हणून वाटणीला बसणाऱ्या भावंडांनीं हिश्शाच्या आण्यांपूर्वीं पाणी, वाट आणि बांध यांचा निकाल लावावा व तो लेखी करून मोजणीच्या नकाशावर उतरवावा. 2005 पासून वडिलोपार्जित मिळकतींत मुलगीही जन्मानें समान हिस्सेदार आहे. तिला वगळून केलेली वाटणी पुन्हां कोर्टांत जाते.

1948 सालीं कुरुंदवाडच्या दोन्ही पात्या मुंबई प्रांतांत विलीन झाल्या. ज्या हद्दीसाठीं एक घर दोनदां फुटलें, ती हद्द शंभर वर्षेंही टिकली नाहीं. शेताचा बांध मात्र पिढ्यान्‌पिढ्या राहतो. तो घालतांना घाई करूं नये.