बूट कुठे बदलावेत? गोल्फ क्लबाच्या आठ ओळींवर भाष्य

भंडाऱ्याच्या वाचकाने गोल्फ क्लबाच्या नियमांकडे का पाहावे, हा पहिला प्रश्न. जिल्हा धानाचा, तलावांचा, पितळी भांड्यांचा आणि कोशाच्या कापडाचा. पण इथली मुले-मुली आज पुण्यात, हैदराबादेत, बंगळुरूत नोकरी करतात. साहेब रविवारी क्लबात बोलावतो आणि निमंत्रणाच्या तळाशी बारीक अक्षरांत पोशाखाच्या चार ओळी असतात. त्या ओळी एक तर मुकाट पाळल्या जातात, नाही तर मनात ठेवून जन्मभर सलत राहतात. त्यांचा अर्थ लावायला कोणी बसत नाही. तो लावला पाहिजे, कारण दारात अडवले जाण्याची वेळ आपल्याच माणसांवर येते.

खालच्या आठ ओळी कोणत्या एका क्लबाच्या पुस्तिकेतून उचललेल्या नाहीत. खासगी क्लबांत सर्रास आढळणारे नियम मी सूत्रासारखे आखूड करून मांडले आहेत. कसोटी मीमांसकांची, म्हणजे वैदिक विधींचा अर्थ लावणाऱ्यांची, घेतली आहे. ज्या विधीचे फळ डोळ्यांना दिसते तो दृष्टार्थ. त्यांचे नेहमीचे उदाहरण भंडाऱ्याला सहज पटेल असे आहे: धान कांडायचे ते तूस निघावे म्हणून. ज्याचे फळ दिसत नाही तो अदृष्टार्थ, आणि दिसणारे कारण हाताशी असताना न दिसणारे कल्पू नये. मीमांसेचे भाष्यकार शबरस्वामी याच्याही पुढे गेले. यज्ञातले एक वस्त्र अध्वर्यू या पुरोहिताने घ्यावे, असे एक स्मृतिवचन होते. ते त्यांनी प्रमाण मानले नाही, कारण त्यामागे घेणाऱ्याचा लोभ उघड दिसत होता. वस्त्राचा नियम कोणाच्या फायद्याचा, हे विचारण्याची रीत आपल्याकडे इतकी जुनी आहे. तीच इथे चालवतो.

१. कॉलरचा सदरा घालावा.

कॉलरने चेंडू लांब जात नाही. एकेकाळी गोल्फ कोट आणि टाय घालून खेळत. आजचा आखूड बाह्यांचा कॉलरवाला सदरा हीच त्या काळी सवलत ठरली असती. हा सदरा आला टेनिसमधून. फ्रान्सच्या रने लाकोस्तने १९२६ मध्ये अमेरिकेतल्या स्पर्धेत तो घातला, कारण लांब बाह्यांच्या कडक सदऱ्यात हात मोकळा फिरत नव्हता. म्हणजे खेळाडूच्या सोयीसाठी नियम मोडून जे वस्त्र आले, तेच पुढे नियम झाले. आणि २००५ मध्ये टायगर वुड्सने गोल्फची मास्टर्स स्पर्धा जिंकली तेव्हा शेवटच्या दिवशी त्याच्या अंगात बिनकॉलरचा, उंच गळ्याचा लाल सदरा होता. त्याला कोणी परत पाठवले नाही. विजेत्यासाठी जी ओळ वाकते ती पाहुण्यासाठी कडक का राहावी? ही ओळ रूढीची आहे. पाळायला हरकत नाही, पण तिच्यावरून कोणाचा पाणउतारा करणे गैर.

२. सदरा खोचलेला असावा.

नीटनेटकेपणाचा नियम. शाळेत आपण सगळ्यांनी पाळला आहे. पुढे जाऊ.

३. जीन्स वर्ज्य.

लेव्ही स्ट्रॉस आणि जेकब डेव्हिस यांनी १८७३ मध्ये तांब्याचे रिव्हेट ठोकलेल्या पँटचे पेटंट घेतले. खिसे फाटू नयेत म्हणून केलेला तो कामकऱ्यांचा कपडा होता. आज भारी किमतीची जीन्स साध्या सुती पँटपेक्षा महाग असते, तरी बंदी जीन्सवरच. म्हणजे अंतर पैशाचे नाही, श्रमाच्या आठवणीचे आहे. गवताचे तिने काही बिघडत नाही, फरशीचे बिघडत नाही, शेजाऱ्याचेही बिघडत नाही. दिसणारे कारण एकच उरते: कष्टकऱ्याचे कापड या कुंपणाच्या आत नको. शबरस्वामींच्या कसोटीला ही ओळ उतरत नाही.

४. गोल्फचे बूट घालावेत. धातूचे खिळे नसावेत.

आठही ओळींत ही सर्वांत सकस. ती समजायला हिरवळ जवळून पाहावी लागते. खळगीभोवतीचे गवत, ज्याला खेळाडू ग्रीन म्हणतात, तीन-चार मिलिमीटर उंचीवर कापलेले असते. उष्ण प्रदेशांत ते बहुधा बर्म्युडा जातीचे असते, आणि बर्म्युडा म्हणजे आपली हराळी. शेतकरी जी हराळी मुळासकट खणून धुऱ्याबाहेर फेकतो, तीच इथे रोज पाणी देऊन, कापून, लाटून गालिच्यासारखी राखतात. अशा गवतावर चेंडू सरपटतो तेव्हा मोहरीएवढा उंचवटाही त्याची वाट फिरवतो.

जुन्या बुटांना धातूचे टोकदार खिळे असत. चेंडू मारताना पाय घसरू नये म्हणून ते हवेच होते. पण तेच पाय ग्रीनवर घासत चालले की गवताची मुळे उचकटत आणि बारीक झुपके उभे राहत. त्यातही गंमत अशी की आपल्या चेंडूच्या वाटेतले असे झुपके दाबून सपाट करायला नियमांची परवानगी नव्हती. पुढच्या माणसाने पाय ओढला, की मागच्याने मुकाट सोसायचे. १९९० नंतर प्लास्टिकचे मऊ खिळे आले, आणि क्लबांनी एकामागून एक धातूच्या खिळ्यांना बंदी केली. खेळाच्या नियमांत बदल व्हायला मात्र १ जानेवारी २०१९ उजाडावे लागले. तेव्हापासून बुटांनी झालेली खूण दुरुस्त करता येते.

विधी, कारण, फळ, तिन्ही इथे डोळ्यांना दिसतात. रोवणीच्या वेळी चपला धुऱ्यावर ठेवूनच बांधीत उतरतात, तसाच हा नियम जमिनीने घातलेला आहे. तो मालकाला आणि मजुराला सारखाच लागू होतो. सभासद असो की त्याची पिशवी वाहणारा कॅडी, गवताला दोघांचे पाय सारखे.

५. बूट लॉकर-रूममध्ये बदलावेत. गाडीतळावर बदलू नयेत.

मोटारीची डिकी उघडायची, तिच्या कडेवर बसायचे, रोजचे बूट काढायचे, मोजे ओढून घ्यायचे आणि खेळाचे बूट चढवून नाड्या आवळायच्या. दोन मिनिटांचे काम. सार्वजनिक मैदानांवर असंख्य खेळाडू हेच करतात. जुन्या खासगी क्लबांत मात्र हा मोठा प्रमाद समजला जातो, आणि नवख्या पाहुण्याची परीक्षा बहुतेक इथेच होते.

पूर्वपक्ष आधी प्रामाणिकपणे मांडतो. क्लबाचे म्हणणे असे: मोज्यांनी डांबरावर उभे राहिल्याने खडे आणि माती बुटांत जातात, येणाऱ्या-जाणाऱ्यांसमोर अर्धवट पोशाखात बसणे शोभत नाही, बदलण्यासाठी बाके, कपाटे, बुटांना पॉलिश करून देणारा सेवक अशी सोय केलेली असताना ती नाकारणे हा यजमानाचा अनादर आहे. यातला शेवटचा मुद्दा मला वजनदार वाटतो. घरी पाहुण्याला पाट मांडला आणि तो उंबऱ्यावरच बसला, तर घरच्याला वाईट वाटणारच.

तरीही सिद्धांत वेगळा निघतो. गाडीतळावर बूट बदलणाऱ्याने कोणत्या गवताची, कोणत्या फरशीची नासधूस केली? कोणत्याच नाही. उलट खेळाचे बूट चढवून तो थेट मैदानाकडे गेला तर क्लबहाउसची फरशी स्वच्छच राहते. मग नियमाचे फळ काय? ज्याच्या नावाचे कपाट आत आहे तो कोण आणि ज्याचे नाही तो कोण, हे दारातच कळते. पादत्राणे चारचौघांत काढण्यात आपल्याकडे लाज कधीच नव्हती. देवळापुढे, ओसरीवर, बैठकीच्या दारात सगळे वाकून वहाणा काढतात. लपून काढण्याची कल्पना बाहेरून आली.

या ओळीशेजारी भंडाऱ्यातलीच एक जागा ठेवून पाहावी. जवाहरनगरला आयुध निर्माणी आहे. तिथे स्फोटके तयार होतात. जगभर स्फोटकांच्या कारखान्यांत धोक्याच्या इमारतीच्या दारात एक बुटका अडसर असतो. बाहेरच्या बाजूला बाहेरचे बूट काढायचे, पाय बाहेरच्या जमिनीला न लावता अडसर ओलांडायचा आणि आतल्या बाजूचे बिनखिळ्यांचे बूट घालायचे. लोखंडी खिळा फरशीवर घासला तर ठिणगी उडेल, तळव्याला चिकटलेली वाळू दारूत मिसळली तर घर्षण होईल, म्हणून हा नियम. तिथे साहेबाचे बूट आणि कामगाराचे बूट असा भेद करता येत नाही. २४ जानेवारी २०२५ ला त्याच निर्माणीत झालेल्या स्फोटात कामगारांचे जीव गेले, तेव्हा ते काम किती जोखमीचे आहे हे साऱ्या देशाला कळले. बूट बदलण्याचा नियम खरा गंभीर असतो तो अशा ठिकाणी. त्याच्यापुढे गाडीतळाची बंदी उभी केली की तिचे वजन आपोआप कळते.

६. क्लबहाउसमध्ये टोपी काढावी. बूट पायात असावेत.

इथे दोन रीती समोरासमोर येतात. आपल्याकडे मान द्यायचा तो डोके झाकून आणि पाय उघडे करून. दरबारात बोडक्याने जाणे अपमानाचे होते. इंग्रजांची रीत नेमकी उलटी: डोके उघडे, पाय झाकलेले. दोन्ही आपापल्या जागी ठीक आहेत. अडचण सुरू होते एक रीत सत्तेच्या जोरावर दुसरीवर चढते तेव्हा.

१८५४ मध्ये गव्हर्नर जनरल डलहौसीच्या सरकारने नागपूरचे राज्य खालसा केले आणि भंडारा कंपनीच्या अमलाखाली आला. त्याच वर्षी त्याच सरकारने कलकत्त्यात ठराव केला की सरकारी समारंभांत येणाऱ्या हिंदी गृहस्थांनी विलायती पद्धतीचे बूट-मोजे घातले असतील तर ते पायात ठेवण्यास हरकत नाही. देशी जोडा मात्र काढायचाच. एका दारात दोन जोड्यांना दोन न्याय. १८६२ मध्ये सुरतेच्या फौजदारी अदालतीत माणेकजी कावसजी एंटी हे पारशी गृहस्थ असेसर (न्यायाधीशाचे साहाय्यक) म्हणून बूट घालून आले, तर त्यांना ते काढायला लावले. त्यांनी काढले, पण तक्रार केली. त्या काळी 'जोड्यांचा प्रश्न' म्हणून सरकारदरबारी चर्चा चालत. क्लबाच्या सहाव्या ओळीची वंशावळ तिथपर्यंत जाते.

७. राष्ट्रीय पोशाख चालेल. पायात बूट हवेत.

ओळीचा पहिला अर्धा भाग उदार दिसतो. दुसरा अर्धा तो परत घेतो.

चित्रकार मकबूल फिदा हुसेन पंढरपूरचे, जन्म १९१५ चा. १९६४ च्या सप्टेंबरात दिल्लीत कवी गजानन माधव मुक्तिबोध गेले, आणि त्यांच्या अंत्ययात्रेपासून हुसेन अनवाणी चालू लागले. मुक्तिबोध मराठी घरातले, हिंदीत लिहिणारे. नागपुरात अनेक वर्षे ओढाताणीत काढून १९५८ मध्ये ते राजनांदगावच्या महाविद्यालयात शिकवायला गेले. नागपूरहून राजनांदगावला जाणारी रेल्वे भंडारा रोडवरूनच जाते. म्हणजे हुसेन यांच्या उघड्या पायांमागे आपल्याच वाटेवरच्या एका माणसाचा शोक होता. १९८८ मध्ये मुंबईच्या विलिंग्डन क्लबाने त्यांना अनवाणी म्हणून आत घेतले नाही. हा क्लब मुंबईचा गव्हर्नर लॉर्ड विलिंग्डन याने काढला तो भारतीयांना गोऱ्यांच्या बरोबरीने सभासद होता यावे म्हणून, कारण इतर बड्या क्लबांची दारे त्यांना बंद होती. रंगाचा अडसर काढण्यासाठी उभ्या राहिलेल्या संस्थेने सत्तर वर्षांनी पायांवरून अडसर घालावा, याचे मला अतिशय दुःख वाटते. हुसेन खेळायला गेले नव्हते. ग्रीनचे रक्षण हा प्रश्नच तिथे नव्हता.

असे प्रसंग पुढेही घडले. २०१४ च्या जुलैत चेन्नईत मद्रास उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती हरिपरंथामन यांना वेष्टी (तमिळ धोतर) नेसल्याबद्दल तिथल्या क्रिकेट संघटनेच्या क्लबात प्रवेश नाकारला गेला. तमिळनाडूने त्याच वर्षी कायदा केला; तमिळ पोशाखावरून कोणाला अडवले तर क्लबाचा परवाना जाऊ शकतो आणि कैदही होऊ शकते. २०१७ च्या जूनमध्ये दिल्ली गोल्फ क्लबात जेवायला आलेल्या एका खासी स्त्रीला जैनसेम नेसली म्हणून उठायला सांगितले. ती मोलकरणीसारखी दिसते, असे तिला ऐकवले गेले. खासी स्त्रीचा तो मानाचा पोशाख.

आता आंधळगाव, मोहाडी, पवनी इथल्या मागांकडे पाहा. करवतकाठी साडीचे अंग कोशाचे. दोन काठांना दोन आणि अंगाला एक अशा तीन धोट्यांनी ती विणली जाते. प्रत्येक फेऱ्यात काठाचा धागा अंगाच्या धाग्यात अडकवत नेल्याशिवाय करवतीचे ते दाते उठत नाहीत. हे काम घाईत होत नाही, यंत्राला ते नीट साधत नाही. या कापडाला भौगोलिक मानांकन आहे. ते नेसून, पायात साधी चप्पल घालून आलेली विणकराची मुलगी क्लबाच्या जेवणघरात बसू शकते की नाही, यावर सातव्या ओळीचा खरेखोटेपणा ठरतो. 'राष्ट्रीय' या शब्दात भंडारा येतो की नाही, ते नियमावलीने स्पष्ट लिहावे.

८. पाहुण्याच्या पोशाखाची जबाबदारी सभासदाची. समितीचा निर्णय अंतिम.

या ओळीचा चांगला उपयोग होऊ शकतो. जबाबदारी सभासदाची, तर नियम आधी सांगणे हे त्याचे कर्तव्य. पाहुण्याला दारात कळू देणे हा सभासदाचा दोष धरावा. आणि निर्णय समितीचा, तर तो बदलायलाही तीच समर्थ आहे. त्यासाठी कायद्याची वाट पाहायला नको.

म्हणून महाराष्ट्रातल्या क्लबांच्या समित्यांना एक विनंती आहे. चौथी ओळ जशीच्या तशी ठेवा, हवी तर आणखी कडक करा. पाचवी काढून टाका. सातवीत येत्या वार्षिक सभेत एवढी दुरुस्ती करा: मैदानावर खेळाचे बूट आवश्यक, जेवणघरात आणि बैठकीत पाहुणा आपल्या प्रदेशाच्या कोणत्याही पोशाखात, चपलेने किंवा अनवाणी आला तरी त्याला अडवू नये.