लॅमिनेट फ्लोअरिंग: डहाणू-तलासरीच्या घरात ते टिकेल का? निवड, तपासणी आणि बसवणी

लाकडासारखी दिसणारी, एका दिवसात बसणारी आणि जुनी लादी न उखडता तिच्यावरच घालता येणारी जमीन म्हणून लॅमिनेट फ्लोअरिंग लोकप्रिय झाले आहे. पण पालघर जिल्ह्यातील डहाणू आणि तलासरी तालुक्यांत ते निवडताना दोन गोष्टी आधी पाहाव्या लागतात. एक म्हणजे समुद्राजवळची दमट हवा आणि चार महिन्यांचा जोरदार पाऊस. दुसरी म्हणजे नोव्हेंबर २०१८ पासून या भागात, विशेषतः धुंदलवाडी परिसरात, जाणवू लागलेले भूकंपाचे धक्के आणि त्यांमुळे घरांना पडलेल्या भेगा. ओल लॅमिनेटला बिघडवते आणि लॅमिनेट भेगांना झाकते. म्हणून इथे साधा नियम असा: जमिनीची तपासणी पावसाळ्यात करावी आणि फ्लोअरिंग हिवाळ्यात बसवावे.

लॅमिनेट म्हणजे नेमके काय?

लॅमिनेट हे अखंड लाकूड नसते. त्याच्या पट्टीत चार थर असतात. सर्वांत वर झीज रोखणारा पारदर्शक थर, त्याखाली लाकडाचे चित्र छापलेला कागद, मध्ये एचडीएफ म्हणजे लाकडाचा भुसा-तंतू दाबून केलेला घट्ट गाभा आणि तळाशी पट्टी वाकू नये म्हणून तोल राखणारा थर. स्वीडनमधील पेर्स्टॉर्प कंपनीने १९७० च्या दशकाच्या अखेरीस हा प्रकार विकसित केला. १९९० च्या दशकात पट्ट्या एकमेकींत अडकवण्याची ‘क्लिक’ पद्धत आली आणि गोंदाची गरज बरीचशी संपली.

वरचा थर पाण्याला बऱ्यापैकी दाद देत नाही. खरा धोका गाभ्याला असतो. सांध्यातून किंवा खालून ओल शिरली की गाभा फुगतो, कडा वर उचलल्या जातात आणि सुकल्यावरही त्या पूर्ववत होत नाहीत. अशी पट्टी दुरुस्त होत नाही, बदलावीच लागते.

कोणत्या घरात बसवावे, कोणत्या नाही?

- वरच्या मजल्यावरील खोली किंवा फ्लॅट: सर्वांत योग्य जागा. खाली स्लॅब असल्याने जमिनीची ओल वर येत नाही.
- तळमजला, जोत्यावरचे घर: आधी ओलीची चाचणी करावी. जोत्यात ओल रोखणारा थर नसेल तर कोबा आणि लादीतून ओल वर चढते.
- मातीची, सारवलेली जमीन: थेट बसवू नये. कुडाच्या घरातील सारवलेली जमीन ओल शोषते आणि पुन्हा सोडते. तिच्यावर प्लास्टिक आणि लॅमिनेट घातले की ओल आतच कोंडते. आधी पक्का कोबा करून तो पूर्ण सुकू द्यावा लागतो.
- न्हाणीघर, मोरी, धुण्याची जागा, पावसाची झड येणारी पडवी: इथे लॅमिनेट नकोच. लादी किंवा शहाबादी फरशीच बरी.
- वाळवी लागलेले घर: आधी वाळवीचा बंदोबस्त करावा. एचडीएफ लाकडापासूनच बनते आणि वाळवी ते खाते.

ओल असूनही लाकडी रूप हवे असेल तर एसपीसी, म्हणजे दगडाची पूड आणि प्लास्टिक यांच्या गाभ्याच्या पट्ट्या, हा पर्याय आहे. त्या पाण्याने फुगत नाहीत.

ओलीची चाचणी

ऑगस्टमध्ये, पाऊस भरात असताना ही चाचणी करावी. सुमारे २ फूट बाय २ फूट जाड पारदर्शक प्लास्टिक जमिनीवर पसरून चारही कडा चिकटपट्टीने बंद कराव्यात. एक ते दोन दिवसांनी उचलून पाहावे. आतून पाण्याचे थेंब दिसले किंवा खालची जमीन काळपट पडली असेल तर ओल आहे. खोलीत दोन-तीन ठिकाणी, विशेषतः बाहेरच्या भिंतीजवळ आणि मोरीच्या बाजूला, चाचणी घ्यावी. मार्चमध्ये कोरडी ठरलेली जमीन ऑगस्टमध्ये ओली निघू शकते. फसगत होते ती बहुधा इथेच.

भेगांची नोंद

डहाणू-तलासरी पट्ट्यात १ फेब्रुवारी २०१९ रोजी ४ पेक्षा अधिक तीव्रतेचा धक्का बसला होता. त्या काळात अनेक कुटुंबांनी भीतीने रात्री घराबाहेर काढल्या. अशा भागात जमीन झाकण्यापूर्वी भेगा पाहणे हा सुरक्षिततेचा प्रश्न आहे.

लॅमिनेट जमिनीला चिकटवलेले नसते. ते तरंगत्या चटईसारखे वर पडून असते. त्यामुळे खालच्या केसासारख्या बारीक भेगेचा त्याला त्रास होत नाही. पण त्याच कारणाने भेग वाढत असेल तर ती दिसतही नाही. म्हणून प्रत्येक भेगेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलने खूण करून तारीख लिहावी आणि मोबाइलवर फोटो काढून ठेवावा. काही महिन्यांनी भेग खुणेपुढे गेली असेल, रुंदावली असेल किंवा तिच्या दोन बाजू वरखाली झाल्या असतील तर आधी स्थापत्य अभियंत्याला दाखवावी. दार-खिडकीच्या कोपऱ्यातून निघालेल्या तिरक्या भेगाही दाखवून घ्याव्यात. न वाढणारी बारीक भेग सिमेंटने भरून पुढे जाता येते.

खरेदी करताना

पट्टीची जाडी साधारण ७ ते १२ मिलिमीटर असते. घरासाठी ८ मिलिमीटर बहुधा पुरते. झिजेची क्षमता ‘एसी’ क्रमांकाने दाखवतात: झोपण्याच्या खोलीला एसी ३ चालते, वर्दळीच्या बाहेरच्या खोलीला एसी ४ बरे. किनाऱ्यालगतच्या गावांत पायांबरोबर वाळू घरात येते आणि वाळूने चरे पडतात, त्यामुळे तिथे एसी ४ घेणे शहाणपणाचे.

माप काढताना क्षेत्रफळात १० टक्के वाढ धरावी. १२ बाय १० फुटांची खोली १२० चौरस फूट होते, म्हणजे १३२ चौरस फूट माल लागेल. उरलेल्या पट्ट्या जपून ठेवाव्यात. पुढे तोच रंग मिळेलच असे नाही. अंदाजपत्रकात खालचा फोम, प्लास्टिक, कडेच्या पट्ट्या, मजुरी आणि दार खालून तासण्याचा खर्च धरला आहे का, तेही विचारावे. फोमसह जमीन सुमारे एक सेंटिमीटर उंच होते आणि दार अडकू शकते.

बसवण्याचा क्रम

१. बंद खोकी त्याच खोलीत ४८ तास आडवी ठेवावीत, म्हणजे पट्ट्या तिथल्या हवेला सरावतात.
२. जमीन झाडून, पाणसळ लावून पाहावी. सपाटीत ३ मिलिमीटरपेक्षा जास्त फरक असेल तर खड्डे भरावेत. पोकळ आवाज करणारी सुटी लादी आधी पक्की करावी.
३. जाड प्लास्टिक अंथरावे. दोन तुकडे एकमेकांवर २० सेंटिमीटर चढवून चिकटपट्टी लावावी. त्यावर २ ते ३ मिलिमीटरचा फोम घालावा.
४. भिंतीपासून चहूबाजूंनी ८ ते १० मिलिमीटर जागा मोकळी सोडावी. हिवाळ्यात बसवलेली पट्टी पावसाळ्यात पसरणारच. तिला जागा मिळाली नाही तर मधोमध फुगवटा येतो.
५. खोलीची रुंदी आधी मोजावी. शेवटची ओळ ५ सेंटिमीटरपेक्षा अरुंद येणार असेल तर पहिली ओळ कापून सुरुवात करावी.
६. शेजारच्या ओळींतील सांधे किमान ३० सेंटिमीटर पुढेमागे ठेवावेत.
७. कडेची पट्टी भिंतीला ठोकावी, लॅमिनेटला नव्हे. भिंतीतील कपाट आधी बसवून घ्यावे; ते फ्लोअरिंगवर जखडले की पट्ट्यांची हालचाल अडते.

नंतरची काळजी

ओल्या फडक्याने नव्हे, घट्ट पिळलेल्या फडक्याने पुसावे. सांडलेले पाणी लगेच टिपावे. दाराबाहेर आणि दाराच्या आत पायपुसणे ठेवावे. पावसाळ्यात भिजलेल्या छत्र्या आणि चपला आत आणू नयेत. धक्का जाणवल्यानंतर एकदा खोलीभर चालून पाहावे: एखादा सांधा उघडला आहे का, कडेची पट्टी सुटली आहे का, दार अचानक घासू लागले आहे का. तसे काही दिसले तर त्या ठिकाणच्या काही पट्ट्या सोडवून खालची जमीन बघावी. क्लिकची पट्टी कडेकडून उलट क्रमाने काढता येते आणि सांधे शाबूत असतील तर पुन्हा बसवताही येते.