फ्रीमँटलच्या तुरुंगाचा दगड

पश्चिम ऑस्ट्रेलियातील फ्रीमँटल येथील तुरुंगासाठी दगड दुरून आणावा लागला नाही. ज्या टेकडीवर तुरुंग उभारावयाचा, तीच खणून चुनखडीचा दगड काढण्यात आला आणि तो काढता काढताच इमारतीसाठी जागा सपाट होत गेली. जून १८५० मध्ये ‘सिंडियन’ जहाजातून ७५ बंदिवान येथे उतरले, तेव्हा त्यांना ठेवण्यास तुरुंग नव्हता. भाड्याच्या वखारीत त्यांची सोय करावी लागली. पुढे त्यांनी व त्यांच्यामागून आलेल्यांनी दगड फोडून आपल्याच कोठड्या बांधल्या. कोठडी ७ फूट लांब, ४ फूट रुंद. मुख्य इमारतीत बंदिवान १८५५ मध्ये राहावयास गेले. बांधकाम मात्र १८५९ पर्यंत चालले.

सरकारी दप्तरात १८६७ पर्यंत या जागेचे नाव ‘कन्व्हिक्ट एस्टॅब्लिशमेंट’ असे होते. त्यात ‘तुरुंग’ हा शब्द नाही, ही गोष्ट भाषाभ्यासकास दुर्लक्षिता येत नाही. आपल्या कचेऱ्यांतील ‘आस्थापना’ या शब्दाप्रमाणे तेथेही कामावरील माणसांचा अर्थ डोकावतो. वसाहतवाल्यांनी बंदिवान मागितले ते मजुरांच्या टंचाईमुळे. तेव्हा हे नाव, माझ्या मते, सौम्यीकरण नसून प्रामाणिक वर्णनच होय. इंग्लंडहून बंदिवान पाठविणे १८६८ मध्ये थांबले. तुरुंग १९९१ पर्यंत चालू राहिला.