बळीचं राज्य

दिवाळीचा पाडवा म्हणजे बलिप्रतिपदा. ओवाळताना आपल्या आयाबहिणी काय म्हणतात? इडा पिडा टळो, बळीचं राज्य येवो. आणि कीर्तनात आम्ही काय सांगतो? वामनानं बळीला पाताळात घातला. मग राज्य मागायचं कुणाचं?

जोतीराव फुले याच कोड्याला भिडले. त्यांचं मूळ घराणं आपल्या खटाव तालुक्यातल्या कटगुणचं. १८७३ साली त्यांनी ‘गुलामगिरी’ लिहिली, धोंडीबा आणि जोतीराव यांच्या संवादाच्या रूपात. अवतारकथा म्हणजे बाहेरून आलेल्यांच्या स्वाऱ्या आणि बळी हा रयतेचा राजा, असा अर्थ त्यांनी लावला.

आमच्या गुरुजींनी वेगळा अर्थ शिकवला. बळी म्हणजे जीव; तिसरं पाऊल पडतं ते अहंकारावर. कित्येक वर्षं मी तेवढंच सांगितलं. एकदा सप्ताहात एक म्हातारा शेतकरी उठला. म्हणाला, "महाराज, देणाऱ्याचाच अहंकार का चिरडायचा? मागणाऱ्याचा का नाही?" टाळ थांबले. मला उत्तर सुचेना.

घरी येऊन भागवताचा आठवा स्कंध पुन्हा काढला. शुक्राचार्य अडवतात, शाप देतात, तरी बळी दिला शब्द मोडत नाही. आणि शेवटी? देवच गदा घेऊन सुतलात त्याची राखण करतो! हे मी सांगतच नव्हतो बरं का.

फुल्यांचा सगळा इतिहास मला पटत नाही. पण प्रश्न खरा आहे. रूपक मन धुण्यासाठी असतं, प्रश्न झाकण्यासाठी नव्हे. आता मी कथा त्या राखणीपर्यंत नेतो, मगच थांबतो.

पुंडलिक वरदे हरी विठ्ठल!