मूळव्याध म्हणून अंगावर काढू नका. शल्यचिकित्सक कसा निवडावा?

राज्यातील कोणत्याही एस.टी. स्थानकाबाहेरची भिंत पाहिली, तर 'मूळव्याध, भगंदर, फिशर - विनाऑपरेशन खात्रीशीर इलाज' अशी जाहिरात हमखास आढळते. शौचावाटे रक्त जाऊ लागलेला रुग्ण संकोचापोटी घरच्यांशीही बोलत नाही आणि थेट या पाटीचा आसरा घेतो. तेथे बोटाने साधी तपासणीदेखील न होता औषध दिले जाते वा इंजेक्शन टोचले जाते. मलाशयाचा कर्करोगही सुरुवातीला असेच रक्त दाखवतो. तो चाळिशीच्या आतील रुग्णांतही आढळतो आणि मूळव्याधीच्या मलमांत वाया गेलेले महिने मग भरून निघत नाहीत.

मोठे आतडे, मलाशय व गुदद्वार यांच्या शस्त्रक्रिया करणाऱ्यास 'कोलोरेक्टल सर्जन' म्हणतात. आपल्याकडे ही स्वतंत्र पाटी मोठ्या शहरांबाहेर क्वचितच दिसते. मूळव्याध, फिशर, साधे भगंदर यांसाठी एम.एस. किंवा डी.एन.बी. (जनरल सर्जरी) झालेला अनुभवी शल्यचिकित्सक पुरेसा असतो आणि तो तालुक्याच्या ठिकाणीही मिळू शकतो. पुन्हा पुन्हा होणारे भगंदर, आतड्यांचा दाह वा कर्करोग असेल, तर मात्र सर्जिकल गॅस्ट्रोएन्टरॉलॉजी वा सर्जिकल ऑन्कॉलॉजी या विषयातील एम.सी.एच. अथवा तत्सम अतिविशेष पदवी पाहावी.

पदवीची खातरजमा करणे अवघड नाही. अॅलोपॅथीच्या प्रत्येक डॉक्टरची नोंद महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे असावी लागते, ती दर पाच वर्षांनी नूतनीकृत करावी लागते आणि नोंदणी क्रमांक चिठ्ठीवर छापणे 2002 च्या नियमांनुसार बंधनकारक आहे. चिठ्ठीवर क्रमांकच नसेल, तर तेथून उठलेले बरे. क्षारसूत्र करणाऱ्या वैद्यांची नोंद महाराष्ट्र भारतीय वैद्यक परिषदेकडे असते, तेथे एम.एस. (आयुर्वेद) शल्यतंत्र ही पदवी पाहावी. भगंदरावरील ही पद्धत जुनी व मान्य आहे. मात्र आतून कर्करोग नाही, याची खात्री आधी झालेली असावी.

कर्करोगाचे निदान झाल्यास परळचे टाटा स्मारक रुग्णालय सर्वांना आठवते. तेथील गर्दी पाहता छत्रपती संभाजीनगरचे शासकीय कर्करोग रुग्णालय, नागपूरचे राष्ट्रसंत तुकडोजी रुग्णालय, बार्शीचे नर्गिस दत्त स्मारक रुग्णालय यांचाही विचार व्हावा. मुंबईत महापालिकेच्या के.ई.एम. रुग्णालयात पोटाच्या शस्त्रक्रियांचा स्वतंत्र अतिविशेष विभाग आहे. खर्चाची चिंता असलेल्यांनी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची चौकशी दाखल होण्यापूर्वीच करावी. 2012 साली राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना या नावाने सुरू झालेल्या या योजनेत कर्करोगाच्या अनेक शस्त्रक्रिया समाविष्ट आहेत. संलग्न रुग्णालयात बसणारा 'आरोग्यमित्र' शिधापत्रिका व इतर कागद पाहून पुढील मार्ग सांगतो. एकदा पैसे भरल्यावर धावपळ करून उपयोग होत नाही, हे अनेकांना उशिरा कळते.

पहिल्या भेटीत काय विचारावे? अशा किती शस्त्रक्रिया आपण वर्षाला करता, हा प्रश्न उद्धटपणाचा नाही. चांगला शल्यचिकित्सक त्याचे सरळ उत्तर देतो. दुर्बिणीतून तपासणी व बायोप्सी झाल्याशिवाय मोठी शस्त्रक्रिया ठरवली जात असेल, तर दुसरे मत घ्यावे. मलाशयाच्या कर्करोगात अनेकदा आधी किरणोपचार व केमोथेरपी दिली जाते, म्हणून निर्णय एकट्या शल्यचिकित्सकाचा आहे की कर्करोगतज्ज्ञांसह घेतलेला, तेही विचारावे. गुदद्वार वाचेल का, पोटावर पिशवी लावावी लागेल का, लागल्यास तात्पुरती की कायमची, हे शस्त्रक्रियेआधीच स्पष्ट व्हायला हवे. पिशवीच्या धास्तीने शस्त्रक्रिया नाकारणारे रुग्ण कमी नाहीत. वास्तविक पिशवीसह शेतीकाम, नोकरी, प्रवास सारे करता येते. ती कशी बदलावी हे शिकवणारी परिचारिका रुग्णालयात आहे का, एवढे मात्र आधी पाहून ठेवावे.

'लेझर'च्या जाहिरातींबाबतही सावध राहिलेले बरे. लेझर हे एक साधन आहे, ते प्रत्येक मूळव्याधीला लागत नाही आणि सुरुवातीच्या अवस्थेत आहारातील चोथा, भरपूर पाणी व शौचाला कुंथणे टाळणे यानेच बहुतेकांना आराम पडतो. जाहिरातीतील दूरध्वनीवर बोलणारी व्यक्ती डॉक्टर नसून विक्री प्रतिनिधी असू शकते. शस्त्रक्रिया कोण करणार, त्याचे नाव व नोंदणी क्रमांक आगाऊ रक्कम भरण्यापूर्वी मागून घ्यावा.